थर्मोस्टॅट ३४ दाखवतो, तरी साप गारठलेला: दर हिवाळ्यात परत येणारी अडचण आणि तिचा छडा

अडचण अशी. काचेच्या टँकमध्ये बॉल पायथन (अजगराची एक लहान आफ्रिकी जात), खालून हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, मॅटला तापमान राखणारा थर्मोस्टॅट. उन्हाळाभर सगळं सुरळीत. नोव्हेंबर लागला की साप गरम बाजूच्या हाइडमधून, म्हणजे लपायच्या खोपटातून, हलत नाही, मग खाणं सोडतो, आणि थर्मोस्टॅटवर आकडा मात्र तोच. मॅट नवी आणली, थर्मोस्टॅट बदलला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आमच्याकडे हे लागोपाठ दोन हिवाळे चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात कारण सापडलं. अशाच फेऱ्यात अडकलेल्या कुणाचा एक हिवाळा तरी वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मिसिसॉगाला राहतो, टोरांटोला लागूनच. चिंगी ही माझ्या मुलाची बॉल पायथन, वय सहा वर्षं, वजन १४०० ग्रॅमच्या आसपास. ही जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांत ती उंदरांच्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत राहते. तिला बिळातली ऊब लागते, चटका देणारं ऊन नाही. गरम हाइडच्या तळाशी ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २४ ते २७, आणि रात्री थोडं उतरलं तरी २२-२३ च्या खाली नको, हे आमचं गणित. फॅरनहाइटवाल्यांसाठी गरम बाजू ८८ ते ९१ आणि थंड बाजू ७५ ते ८०.

हे आकडे आम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ होते. चूक आकड्यांत नव्हती. तो आकडा नेमका कुठल्या जागेचा आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

प्रोब आहे तिथलंच तापमान कळतं

थर्मोस्टॅटला साप दिसत नाही. त्याच्या वायरच्या टोकाला शेंगदाण्याएवढा प्रोब असतो आणि तो जिथे टेकलाय तेवढ्याच जागेची बातमी थर्मोस्टॅटला लागते. प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये असेल तर आकडा काचेच्या खालच्या अंगाचा. प्रोब भुश्यावर पडला असेल तर भुश्याचा. साप यांपैकी कुठेही नसू शकतो.

आमचा पहिला हिवाळा असा गेला. प्रोब काचेखाली, थर्मोस्टॅट ३४ वर. सप्टेंबरात हाइडच्या आत भुश्याच्या पृष्ठभागावर ३१ मिळत होते, झकास. नोव्हेंबरात चिंगी गारठलेली वाटली म्हणून मी मायेनं नारळाच्या सालीचे तुकडे आणखी दोन इंच घातले. थंडीत आपण गोधडी वाढवतो तसं. पण इथे ऊब खालून येत होती. मी गोधडी घातली ती चिंगी आणि शेगडी यांच्या मधोमध. काच ३४, आणि चिंगी जिथे बसली होती तिथे २७.

दुसऱ्या हिवाळ्यात उलटी चूक केली. प्रोब खाली नको, साप बसतो तिथेच ठेवू, असं म्हणून तो भुश्यावर, हाइडच्या आत ठेवला आणि थर्मोस्टॅट ३२ वर लावला. वाटायला हे अगदी तर्काला धरून वाटतं. पण भुश्याच्या वर ३२ आणण्यासाठी खालच्या मॅटला किती तापावं लागत होतं, ते आम्ही पाहिलंच नाही. एका सकाळी मुलानं हाइड उचलली तर चिंगी वर नव्हती. भुसा बाजूला सारून ती तळाच्या उघड्या काचेवर वेटोळं घालून बसली होती. तिला उचलून टेंपरेचर गन (न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजणारं यंत्र) काचेवर धरली. ४४. पोटाच्या चार-पाच खवल्या गुलाबी झालेल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, भाजणं वरवरचं होतं, दोनदा कात टाकल्यावर खूण गेली. पण ते ४४ मला अजून विसरता येत नाहीत, कारण त्या क्षणीही थर्मोस्टॅटवर ३२ च होते.

गरम पृष्ठभागावर साप भाजेपर्यंत बसून राहतात, उठून जातीलच असं नाही. ही गोष्ट नव्यानं साप पाळणाऱ्याला पटत नाही. तापलेले ‘हीट रॉक’ म्हणून जे कृत्रिम दगड विकतात, त्यांच्यावर भाजलेले साप डॉक्टरांकडे नेहमी येतात. ‘गरम लागलं तर तो स्वतःच सरकेल’ या भरवशावर राहू नका.

मग प्रोब ठेवायचा कुठे? मॅट काचेखाली बाहेरून लावलेली असेल तर मॅट आणि काच यांच्यामध्ये, मॅटच्या मध्यावर, बाहेरून पक्का चिकटवून. तिथे साप तो हलवू शकत नाही, त्यावर लघवी करू शकत नाही, पाण्याचं भांडं उलटं करून तो भिजवू शकत नाही. आत ठेवलेला प्रोब सापानं ढकलून थंड बाजूला नेला, तर थर्मोस्टॅटला वाटतं गार आहे, आणि मॅट थांबायचं नावच घेत नाही. ओल्या प्रोबचंही तेच. मग सेट करायचा आकडा ठरवताना सापाच्या पोटाखाली काय मिळतं ते वेगळं मोजायचं आणि त्याप्रमाणे सेटिंग वर-खाली करायचं. थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे गॅसच्या शेगडीचा खटका. भाजी शिजली का, हे भाजीत बघायचं.

आत वायर किंवा प्रोब बसवायचाच असेल तर चिकटपट्टी वापरू नका. पट्टी सुटते, साप तिला चिकटतो आणि ओढाताणीत खवल्या सोलून निघतात. वायरच्या छोट्या क्लिपा सिलिकॉननं बसवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका.

मोजणारं यंत्र खरं बोलतं का?

प्रोबची जागा बदलण्याआधी हे तपासा, नाहीतर सगळी मेहनत चुकीच्या आकड्यावर होईल. टँकबरोबर येणारी, काचेला चिकटवायची काटेवाली गोल घड्याळं आम्ही सरळ काढून टाकली. ती काचेच्या भिंतीचं तापमान सांगतात, साप राहतो त्या तळाचं नाही, आणि दोन-चार अंशांची चूक त्यांच्यात सर्रास निघते.

डिजिटल प्रोब तपासायचा सोपा उपाय आपल्या औषधांच्या डब्यातच असतो: ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर. माणसाच्या तापाच्या टापूत, म्हणजे ३६ ते ३९ च्या आसपास, तो अगदी नेमका असतो. थर्मासमध्ये अंगाला कोमट लागेल असं पाणी घ्या, ढवळा, त्यात प्रोब आणि तापाचा थर्मामीटर यांची टोकं शेजारी-शेजारी बुडवा. प्रोबला स्थिर व्हायला चार-पाच मिनिटं द्या, मग थर्मामीटरचा बीप ऐकून दोन्ही आकडे लिहा. आमच्याकडे थर्मामीटर ३६.६ म्हणत होता आणि प्रोब ३८.४. जवळजवळ दोन अंश जास्त! म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्याला ३१ समजत होतो ते जेमतेम २९ होते. प्रोब बदलायला हरकत नाही, पण चूक कायम तेवढीच राहत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर ‘या प्रोबमधून १.८ वजा’ असं लिहूनही काम चालतं.

टेंपरेचर गन हे या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार, पण तिचे तीन नियम आहेत. पहिला, ती पृष्ठभाग मोजते, हवा नाही. दुसरा, ती काचेतून आरपार बघत नाही. बाहेरून काचेवर रोखली तर काचेचं तापमान सांगते, आतल्या सापाचं नाही. झाकण उघडून मोजायचं. तिसरा, लाल ठिपका दिसतो तेवढ्याच जागेचं मोजमाप होत नाही. बहुतेक गनांवर १२:१ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे १२ सेंटिमीटरवरून धरली तर एक सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी, आणि १२० वरून धरली तर दहा सेंटिमीटरच्या वर्तुळाची. उभ्या उभ्या लांबून रोखली की हाइडचं छप्पर, भुसा आणि काच यांची खिचडी होऊन एक आकडा येतो. वाका, जवळ जा. चकाकणाऱ्या स्टीलवर किंवा फॉइलवर तर गन साफ चुकते. तिची परीक्षा बारीक चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून, ढवळून करा. शून्याच्या आसपास आकडा आला पाहिजे.

हे हिवाळ्यातच का होतं

तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला यंत्रं तपासून झाली, प्रोब पुन्हा काचेखाली गेला, भुसा कमी केला. ऑक्टोबरपर्यंत सगळं ठीक. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चिंगीनं उंदीर नाकारला. पुन्हा. तेव्हा मुलानं वही काढली आणि आम्ही दिवसातून दोनदा, सकाळी सहा आणि रात्री दहा, पाच आकडे लिहायला लागलो: तळाची काच, गरम हाइडमधला पृष्ठभाग, थंड हाइडमधला पृष्ठभाग, थंड बाजूची हवा, आणि खोली. हा पाचवा आकडा आम्ही आधी कधीच मोजला नव्हता. छडा त्यातूनच लागला.

सप्टेंबरात पहाटे खोली २४ असायची. काच ३४, भुश्याचा वरचा थर ३१. काच आणि खोली यांत दहाचा फरक, त्यातले तीन अंश भुश्यात गळायचे. नोव्हेंबरात घराचं हीटिंग आम्ही रात्री झोपताना १७ वर आणतो. काच तीच ३४, पण आता काच आणि खोली यांत सतराचा फरक. गळतीचं प्रमाण तेवढंच धरलं तरी पाच अंश गेले. वर उरले २९. थंड बाजू तर १९ वर. थर्मोस्टॅट इमानेइतबारे काच ३४ वर राखत होता. त्याच्याकडून काहीच चुकत नव्हतं. चिंगीच्या दोन बोटं भुश्यावर काय चाललंय, ते त्याच्या कक्षेतच येत नव्हतं.

म्हणूनच नवा थर्मोस्टॅट आणून फरक पडत नव्हता. आणि मार्चनंतर दुखणं आपोआप ‘बरं’ व्हायचं ते खोली तापल्यामुळे, आम्ही केलेल्या कुठल्याही उपायामुळे नाही. दरवेळी शेवटी जे काही बदललं असेल त्याला आम्ही श्रेय देत होतो.

इथे सरळ हात जातो तो मॅटचा आकडा वाढवण्याकडे. तो मोह टाळा. ३४ चे ३८ केले तर वर ३१-३२ मिळतील खरे, पण साप भुसा उकरून तळाला गेला की ३८ वर बसणार. मॅट पृष्ठभाग तापवते, हवा नाही. हिवाळ्यात तुटवडा हवेचा असतो. तेव्हा भर हवेत घालायची.

आम्ही जाळीच्या झाकणावर, गरम बाजूला, सिरॅमिक हीटर लावला. तो उजेड देत नाही, म्हणून रात्रीही चालतो. लाल बल्ब रात्रभर जाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण त्याचा पृष्ठभाग हात भाजेल इतका तापतो, म्हणून प्लास्टिकचं होल्डर चालत नाही, चिनीमातीचंच लागतं, आणि साप त्याला स्पर्श करू शकेल अशा जागी तो कधीच नको. त्याला वेगळा थर्मोस्टॅट, मॅटचा नाही. प्रोब टँकच्या मधोमध, तळापासून दोन-तीन बोटं वर, हीटरच्या थेट झोतापासून आडोशाला. सेटिंग २६.

थर्मोस्टॅटच्या जातीही बघून घ्या, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. साधा चालू-बंद प्रकार मॅटला चालतो. सिरॅमिकला पल्स प्रकारचा चांगला, तो वीज तुकड्यातुकड्यानं देतो आणि तापमान हिंदकळत नाही. हॅलोजनचा दिवा असेल तर डिमिंग, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणाऱ्या प्रकारचाच, नाहीतर दिवा दिवसभर उघडझाप करून साप हैराण होतो आणि दिवाही लवकर जातो.

दुसरी गळती झाकणातून होती. आमच्या टँकला वरून पूर्ण जाळी. गरम हवा आणि दमटपणा दोन्ही सरळ वर निघून जात होते. हीटरची जागा चहूबाजूंनी मोकळी ठेवून उरलेली जाळी आम्ही पातळ पीव्हीसी पत्र्यानं झाकली, साधारण तीन चतुर्थांश. मागची आणि बाजूची काच बाहेरून थर्मोकोलनं मढवली. हीटरपासून मात्र ते लांब ठेवलं. एवढ्यानं पहाटेची थंड बाजू १९ वरून २३ वर आली आणि दमटपणा ३५ टक्क्यांवरून ५५ वर. इथल्या हिवाळ्यात घर तापवणाऱ्या फर्नेसची हवा फार कोरडी असते. सिरॅमिकनं ती आणखी कोरडी होते आणि कात तुकड्यातुकड्यानं निघायला लागते. झाकण झाकल्यावर ते थांबलं.

भुसा गरम हाइडखाली आता बोटभरसुद्धा नाही, जेमतेम एक सेंटिमीटर. बाकी टँकभर हवा तेवढा. हवा २६ च्या आसपास राहायला लागल्यावर त्याच ३४ च्या काचेवरून पृष्ठभागाला ३२ मिळतात, नोव्हेंबर असो की जुलै.

एक सूचना कळकळीची. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पूर्ण चोवीस तास थांबा. पहाटेचा आकडा घेतल्याशिवाय पुढचा बदल करू नका. आम्ही आधीच्या हिवाळ्यांत एकाच संध्याकाळी चार गोष्टी बदलायचो आणि मग कशानं काय झालं ते कुणालाच सांगता यायचं नाही.

सापाला विचारा

माझं बालपण सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. आई कोंबडीची पिल्लं खोक्यात ठेवून वर बल्ब टांगायची. थर्मामीटर घरात नव्हताच. ती नुसती डोकावायची. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून कालवा करत असतील तर बल्ब खाली घे. कडेला पांगून चोची उघड्या टाकून बसली असतील तर वर घे. खोकाभर विखुरलेली, खात-पीत असतील तर हात लावू नकोस. फोनवर चिंगीचं रडगाणं सांगत होते तेव्हा आईनं पहिलाच प्रश्न केला, ‘‘ती बसते कुठं दिवसभर?’’ मी तिला आकडे सांगत होते आणि ती जागा विचारत होती.

तिचा प्रश्न वहीत सहावा रकाना झाला. साप दिवसरात्र गरम हाइडमध्येच चिकटून असेल तर बाकी टँक गार आहे. सतत थंड कोपऱ्यात, काचेला नाक घासत, किंवा पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास पडून असेल तर उकडतंय. (कात टाकायच्या आधी किंवा अंगाला माइट (रक्त पिणारे बारीक किडे) झाले असतील तरी साप पाण्यात बसतात, तेवढं बघून घ्या.) जागा बदलत असेल, रात्री फिरत असेल, तर तुमचं बरं चाललंय.

मात्र ही भाषा खरी ठरायला दोन्ही बाजूंना सारखीच, अंगाला घट्ट बसणारी हाइड हवी. आमच्या थंड बाजूची हाइड मोठी आणि दोन तोंडांची होती. बॉल पायथनला अंग सगळीकडून टेकलं की सुरक्षित वाटतं. नीट लपायला एकच जागा असेल तर ती उकाडा सोसूनही तिथेच बसेल, आणि आपण समजू की तिला ऊब हवी आहे. दोन्हीकडे एकसारख्या हाइड ठेवल्यावरच चिंगीच्या बसण्याला अर्थ आला.

डॉक्टरांकडे कधी

तोंड उघडून श्वास घेणं, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ, श्वासाला टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज: ही छातीच्या संसर्गाची लक्षणं आहेत. गार टँकमध्ये तो सहज होतो. टँक गरम करून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. खाल्लेला उंदीर उलटून टाकला तर तापमान तपासा आणि किमान दहा ते चौदा दिवस काहीही भरवू नका. पुन्हा झालं तर डॉक्टर.

पोटाच्या खवल्या लालसर, तपकिरी किंवा फोड आलेल्या दिसल्या तर हळद, तूप, खोबरेल, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. भुसा काढून साधा पेपर टॉवेल अंथरा, मॅट बंद करून हवा उबदार ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सापाची जखम आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी भरते.

नुसतं खाणं सोडलंय, बाकी तब्येत ठणठणीत, तर घाबरू नका. थंडीच्या दिवसांत बॉल पायथन कित्येक आठवडे उपास करतात, मोठे नर तर विशेष. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर दोन आठवड्यांनी वजन करा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर मात्र दाखवा. जबरदस्तीनं भरवायचं नाही.

यंत्र बिघडलं तर, वीज गेली तर

थर्मोस्टॅट मरताना बंदच होईल असं नाही. आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा खटका) चिकटला की तो कायमचा चालू राहतो. म्हणून मॅटच्या वायरवर एकामागे एक दोन थर्मोस्टॅट लावलेत: पहिला ३४ वर, दुसरा स्वतःच्या प्रोबसह ३७ वर. पहिला चिकटला तर दुसरा वीज तोडेल. स्वस्तात एवढा निवांतपणा दुसऱ्या कशानं मिळत नाही. वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे सांडलेलं पाणी झोलातून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटोत गोठणाऱ्या पावसानं तारा तुटून सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली होती, काहींची कित्येक दिवस. तेव्हापासून इथले प्राणी पाळणारे हिवाळ्यापूर्वी तयारी ठेवतात. आमची अशी: टँकवर टाकायला दोन जाड रजया, गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि एक सुती उशीचा अभ्रा. घर फारच गार पडलं तर चिंगीला अभ्र्यात घालून, तोंड बांधून, माणसानं पांघरुणात शेजारी घ्यायचं. बॉल पायथन एक-दोन दिवस वीस अंशांच्या आसपासच्या तापमानात निभावून नेते, पण पोटात नुकतंच खाल्लेलं असेल तर तिला ऊब हवीच. म्हणून वादळाचा इशारा असला की आम्ही भरवणं पुढे ढकलतो. हात शेकायच्या रासायनिक पुड्या बंद डब्यात सापासोबत ठेवू नका, त्या तापताना हवेतला ऑक्सिजन वापरतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी

आपल्याकडचे साप, म्हणजे अजगर, नाग, धामण, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. घरात निघालेला साप ठेवून घ्यायचा नाही, वन विभागाला किंवा सर्पमित्राला बोलवायचं. बॉल पायथनसारख्या परदेशी जातीची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ज्यांच्याकडे अशी रीतसर नोंदलेली आहे, त्यांची अडचण नागपूर-जळगावच्या मे महिन्यात अगदी उलटी असते. थर्मोस्टॅट तापवणं थांबवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ३८ झाली तर मॅट बंद असूनही टँक ३८. बॉल पायथनला ३५ च्या वर राहणं धोक्याचं, त्यापुढे मेंदूवर परिणाम होतो: मान वाकडी, डोकं उलटं वर. टँक घरातल्या सगळ्यात गार, खालच्या खोलीत हलवा, कूलर किंवा एसीनं खोली २६-२७ ठेवा. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून थंड बाजूच्या जाळीवर ठेवली तर दोन-चार तास सुटका होते. आणि टँकवर खिडकीचं ऊन कधीच नको. काचेच्या बंद पेटीत ऊन शिरलं की अर्ध्या तासात सगळं संपतं.

चिंगीचं पुढे काय झालं ते सांगते. झाकण झाकलं, हीटर लागला, भुसा पातळ केला, दुसरी हाइड आणली, तेव्हा डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. चौथ्या रात्री ती पहिल्यांदा थंड बाजूच्या हाइडमध्ये दिसली. आठव्या रात्री टँकभर फिरत होती, जीभ बाहेर-आत. अकराव्या रात्री मुलानं उंदीर कोमट पाण्यात उबवून, पुसून, हेअर ड्रायरनं डोकं थोडं जास्त गरम करून चिमट्यानं पुढे धरला. बॉल पायथनच्या ओठांवर ऊब जाणवणारे खळगे असतात, गार उंदीर तिला जणू दिसतच नाही. चिंगीनं मान मागे घेतली, इंग्रजी एसचा आकार केला, आणि झेपावली. वहीत त्या दिवशीच्या रकान्यात मुलाच्या अक्षरात आहे: काच ३४, गरम हाइड ३२, थंड हाइड २४, थंड बाजूची हवा २३.५, खोली १७. खाल्लं.